एमआरआयच्या आधीची धास्ती

माझ्या आत्याला कंबरेच्या एमआरआयची चिठ्ठी मिळाली, तेव्हा तिने डॉक्टरांना काहीच विचारले नाही. रात्री घरी जेवताना मात्र तिने मला हळूच विचारले, "त्या बोगद्यात घालून बाहेरून दार लावून घेतात का रे?" सत्तरीला टेकलेली, दोन बाळंतपणे आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया न डगमगता पार पाडलेली ही बाई त्यानंतरचे चार दिवस धड झोपली नाही. तिच्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्याचे होते आणि ते तिला चिठ्ठीबरोबरच कोणीतरी द्यायला हवे होते. त्या बोगद्याला दार नसते. तो दोन्ही टोकांना उघडा असतो, आत दिवा असतो, हवा खेळती राहावी म्हणून बहुतेक यंत्रांत पंख्याची सोय असते, आणि दार असते ते फक्त खोलीला.

एमआरआयच्या नावाने पोटात गोळा येणारी माणसे काही मुळातच भित्री नसतात. ज्या गोष्टीचा अनुभव नाही, जिथे आपल्याला हलायचे नाही, बोलायचे नाही आणि जिचा निकाल आपल्या तब्येतीशी जोडलेला आहे, तिथे मन घाबरणारच. "घाबरण्यासारखे काही नाही" असे सांगून ही भीती जात नाही, कारण त्या वाक्यात माहिती काहीच नसते. शिवाय बारकाईने पाहिले, तर ती एकच भीती नसते. यंत्राची, कोंडले जाण्याची, आवाजाची, सुईची आणि "काही निघाले तर?" याची, अशा अनेक भीती एकमेकींत मिसळून त्यांचे एकच मोठे ओझे झालेले असते. त्या सुट्या केल्या, की प्रत्येकीवर वेगळा उपाय सापडतो, म्हणून त्यांच्याकडे एकेक करून पाहू.

आधी यंत्र. एमआरआय म्हणजे मुळात एक फार मोठा लोहचुंबक. आपल्याकडच्या बहुतेक केंद्रांत तो १.५ किंवा ३ टेस्ला क्षमतेचा असतो. १.५ टेस्लाचे चुंबकीय क्षेत्र हे होकायंत्राची सुई हलवणाऱ्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे तीस हजार पट असते. आपल्या शरीरात निम्म्याहून अधिक भाग पाण्याचा आहे आणि पाण्यात हायड्रोजन आहे. या हायड्रोजनच्या अणूंची केंद्रके स्वतःच बारीकशा चुंबकांसारखी वागतात. मोठ्या चुंबकात आपण झोपलो, की त्यांतली काही त्या दिशेला वळतात. मग यंत्र रेडिओ लहरी सोडून त्यांना किंचित डिवचते, आणि ती पुन्हा मूळ जागी येताना जो अगदी क्षीण संदेश देतात तो टिपून संगणक चित्र तयार करतो. रेडिओ लहरी हे शब्दशः घ्यावे. १.५ टेस्लाच्या यंत्रात वापरली जाणारी लहर सुमारे ६४ मेगाहर्ट्झची असते आणि आपण ऐकतो ती एफएम केंद्रे ८८ ते १०८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात असतात, म्हणजे दोन्ही एकाच कुळातल्या. एक्स-रे आणि सिटी स्कॅनमध्ये क्ष-किरण असतात, एमआरआयमध्ये ते नसतात. "अंगावर किरण पडतील" ही धास्ती या तपासणीपुरती मनातून पूर्ण काढून टाकता येते.

या किरणांच्या धास्तीचा आणि तपासणीच्या नावाचा जुना संबंध आहे. ३ जुलै १९७७ रोजी अमेरिकेत रेमंड दमादियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या तत्त्वावर माणसाच्या छातीचे चित्र घेतले, तेव्हा त्या एका चित्राला जवळपास पावणेपाच तास लागले होते. त्या काळी या तंत्राच्या नावात "न्यूक्लिअर" हा शब्द होता, कारण त्यात अणूच्या केंद्रकाचा उपयोग होतो. पण तो शब्द ऐकला की लोकांना अणुबाँब आणि किरणोत्सर्ग आठवत असे, म्हणून पुढे दवाखान्यातल्या वापरात तो गळून पडला आणि "मॅग्नेटिक रेझोनन्स इमेजिंग" हे नाव रूढ झाले. रुग्णाच्या भीतीची दखल घेऊन एका तंत्राचे नाव बदलले गेले, हे मला फार महत्त्वाचे वाटते. भीती ही वैद्यकाने हिशेबात धरण्याची गोष्ट आहे, ती रुग्णाने एकट्याने गिळायची नसते.

आता आवाज. आत झोपलेल्या माणसाला सर्वांत जास्त दचकवतो तो हाच. टकटक, घरघर, मग अचानक भिंतीत ड्रिल चालवल्यासारखा कर्कश आवाज, आणि तो १०० डेसिबलच्या वर जाऊ शकतो. आवाज वाढला की "यंत्रात काही बिघडले का?" असे मनात येते. प्रत्यक्षात तो आवाज यंत्र नीट चालल्याची खूण असतो. मोठ्या चुंबकाच्या आत तारांची वेटोळी बसवलेली असतात आणि चित्र शरीराच्या कोणत्या भागातून येते आहे हे ठरवण्यासाठी त्यांतला विद्युतप्रवाह क्षणाक्षणाला चालू-बंद होतो. चुंबकीय क्षेत्रात तारेतून प्रवाह गेला की तारेला धक्का बसतो आणि ती थरथरते. लाउडस्पीकरचा पडदा नेमका याच तत्त्वावर थरथरून आवाज काढतो. म्हणजे एका अर्थी आपण एका प्रचंड लाउडस्पीकरमध्ये झोपलेलो असतो. प्रत्येक प्रकारच्या चित्रासाठी प्रवाहाची चाल वेगळी असते, म्हणून दर काही मिनिटांनी ठेका बदलतो. ढोल-ताशा ज्यांनी जवळून ऐकला आहे, त्यांना हा ठेका ओळखून त्याच्याबरोबर मोजत राहणे जमते, आणि एकदा तो मोजायला लागलो की दचकणे कमी होते. कानात बोळे किंवा कानांवर हेडफोन देणे हा तपासणीचाच भाग आहे. ते दिले नाहीत, किंवा सैल बसले, तर सुरू होण्याआधी तसे सांगावे.

दोन बारीक गोष्टी आधी ठाऊक असलेल्या बऱ्या. खोलीत पाऊल टाकल्यापासून एक संथ चक्-चक् आवाज येत असतो. तो चुंबकातला द्रवरूप हेलियम सुमारे उणे २६९ अंश सेल्सिअसला थंड राखणाऱ्या पंपाचा असतो, तपासणी चालू असो वा नसो. आणि दोन चित्रांच्या मध्ये कधी कधी पूर्ण शांतता पसरते, अर्धा मिनिट, कधी त्याहून जास्त. त्या शांततेत "सगळे मला विसरून चहाला गेले की काय?" असे वाटणारी माणसे मी कितीतरी ऐकली आहेत. टेक्निशियन त्या वेळी काचेपलीकडे पुढच्या चित्राची आखणी करत असतो, एवढेच.

कोंडले जाण्याची भीती ही या सगळ्यांत सर्वांत शारीरिक. जुन्या यंत्रांच्या बोगद्याचा व्यास ६० सेंटिमीटर असतो, नव्या रुंद यंत्रांचा ७० सेंटिमीटर. हा दहा सेंटिमीटरचा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण चेहऱ्यासमोर तो चांगलाच जाणवतो, म्हणून वेळ घेताना फोनवरच "तुमचे मशीन रुंद आहे का?" असे विचारण्यात संकोच करू नये. बाजूंनी मोकळी असलेली यंत्रेही काही ठिकाणी असतात, मात्र त्यांचे चुंबक बहुधा कमी ताकदीचे असल्याने चित्रे तितकी स्पष्ट येतीलच असे नाही. ती चालतील की नाही, हे चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावे. शिवाय प्रत्येक तपासणीत डोके आत जातेच असेही नाही. गुडघ्याच्या किंवा पावलाच्या तपासणीत माणूस पायाच्या बाजूने आत सरकतो आणि डोके बहुधा बाहेर किंवा बोगद्याच्या तोंडाशी राहते. कंबरेच्या तपासणीतही काही केंद्रे पायाच्या बाजूने आत घेतात.

आत गेल्यावर भीती वाटते तेव्हा शरीरात काय होते, हेही समजून घ्यावे, कारण अनेकांना भीतीपेक्षा तिच्या लक्षणांचीच जास्त भीती वाटते. मेंदूने धोक्याची सूचना दिली की अ‍ॅड्रेनलिन रक्तात उतरते, छाती धडधडते, श्वास जलद होतो, घशाला कोरड पडते, तळहात घामेजतात. जलद श्वासामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि त्याने हातांना, ओठांभोवती मुंग्या येतात, डोके हलके होते. मग माणसाला वाटते की आपला जीव गुदमरतो आहे, हवा कमी पडते आहे. हवा तेवढीच असते, आपण ती गरजेपेक्षा जास्त वेगाने घेत असतो. म्हणून अशा वेळी "खोल श्वास घे" या सल्ल्याने काम होईलच असे नाही. उपयोग होतो तो श्वास सावकाश सोडण्याचा. मनात चार आकडे मोजत नाकाने घ्यावा आणि सहा आकडे मोजत सोडावा, जोर न लावता. भीतीची लाट चढते, काही काळ टिकते आणि ओसरते. आपण तिच्याशी झटापट केली नाही, तर ती काही मिनिटांतच उतरू लागते.

हे तपासणीच्या टेबलावर पहिल्यांदा करून पाहण्यात अर्थ नाही, आधी घरी सराव हवा. आत्याला मी तीन संध्याकाळी हा सराव करायला लावला. जमिनीवर सतरंजीवर उताणे झोपायचे, गुडघ्याखाली उशी घ्यायची, डोळ्यांवर घडी केलेला पंचा ठेवायचा आणि वीस मिनिटे हलायचे नाही. पहिल्या दिवशी तिला सातव्या मिनिटाला नाकाला खाज सुटली. दुसऱ्या दिवशी मी मोबाईलवर एमआरआयच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण लावले, तेव्हा ती म्हणाली, "हे तर आपल्या गिरणीसारखंच आहे." तिसऱ्या दिवशी ती त्या आवाजात चक्क घोरली. ज्यांना फारच त्रास होतो, त्यांनी जेवणाच्या टेबलाखाली डोके येईल असे झोपून पाहावे. चेहऱ्याजवळ काहीतरी असण्याची सवय अशीच लागते. मनाला काम देण्यासाठी पाठ असलेले स्तोत्र किंवा अभंग उत्तम, कारण त्याची लय श्वासाला धरून ठेवते. ज्यांचा ओढा तिकडे नाही, त्यांनी एखादी ओळखीची वाट मनात चालावी. सिंहगडाची पायवाट घ्या आणि पायथ्यापासून एकेक वळण, एकेक ताकवाली आठवत वर जा. गड येईपर्यंत दोन-तीन चित्रे होऊन गेलेली असतात.

आता धातूविषयी, आणि इथे मला थोडे थांबायचे आहे. चुंबक रात्रंदिवस चालू असतो, तपासणी संपली म्हणून तो बंद होत नाही. २०१८ साली मुंबईतल्या एका रुग्णालयात प्राणवायूचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेल्या एका तरुण नातेवाइकाचा मृत्यू झाला, ही बातमी अनेकांच्या मनात अजून घर करून आहे. त्या बातमीने घाबरलेल्यांनी हे ध्यानात घ्यावे, की तो धोका लोखंडी वस्तू खोलीत नेण्याचा होता, आणि वारंवार केली जाणारी विचारपूस तोच टाळण्यासाठी असते. पिना, घड्याळ, मोबाईल, किल्ल्या, पैसे, बँकेची कार्डे, कवळी, श्रवणयंत्र, ताईत, करदोडा, जोडवी, पैंजण, चमकी हे सगळे बाहेर ठेवावे लागते. साडीला लावलेली सेफ्टी पिन आणि ब्लाउजचे हूक हमखास विसरले जातात. जरीच्या साडीपेक्षा केंद्राचा सुती गाउन घालणे सुरक्षित. ज्या बांगड्या निघतच नाहीत, त्यांविषयी आदल्या दिवशीच विचारून ठेवावे.

मंगळसूत्र काढताना अनेक बायकांचे डोळे भरून येतात, आणि कर्मचारी घाईत असले की "काढा काढा" एवढेच म्हणतात. आत्याच्या बाबतीत नेमके तेच झाले. ज्या केंद्रात आम्ही गेलो होतो, तिथल्या मुलीने हात पुढे केला आणि आत्या तिथल्या तिथे थिजली. धागाही चालतो का, एवढे कोणी विचारले असते, तर तो प्रसंग टळला असता. हळद लावलेल्या सुती दोऱ्यात हळकुंड बांधून गळ्यात घालण्याची आपल्याकडे रीत आहेच, त्यात धातू नसतो. मानेची किंवा छातीची तपासणी असेल तर तोही काढायला सांगतील, पण इतर तपासण्यांसाठी आधी विचारले तर बहुधा परवानगी मिळते. मंगळसूत्र घरच्या माणसाच्या हातात, रुमालात बांधून द्यावे, काउंटरवरच्या ट्रेमध्ये टाकू नये.

शरीरातल्या धातूची माहिती मात्र काही न लपवता द्यावी. पेसमेकर, कानातले कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूतल्या रक्तवाहिनीला लावलेली क्लिप, पूर्वीचे कोणतेही ऑपरेशन, हे सारे सांगायला हवे. यांतल्या अनेक गोष्टी असूनही तपासणी होऊ शकते, पण त्या कोणत्या बनावटीच्या आहेत हे पाहावे लागते, म्हणून जुनी डिस्चार्ज कार्डे बरोबर न्यावीत. कोल्हापूरच्या फाउंड्रीत, पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत, लेथवर किंवा वेल्डिंगवर ज्यांनी काम केले आहे आणि ज्यांच्या डोळ्यात कधी लोखंडाचा कीस गेला होता, त्यांनी ते आवर्जून सांगावे. अशा वेळी आधी डोळ्यांचा एक्स-रे काढतात. ही माहिती भरण्याचा फॉर्म अनेक ठिकाणी इंग्रजीत असतो आणि तो दारात उभ्या-उभ्या सही करायला दिला जातो. तो मराठीत वाचून दाखवायला सांगणे हा रुग्णाचा हक्क आहे, आणि त्या पाच मिनिटांत अर्धी भीती उतरते असे मी पाहिले आहे.

मग प्रत्यक्ष तपासणी. आत जाण्याआधी टेक्निशियनला स्पष्ट सांगावे, "मला बंद जागेची भीती वाटते, मध्ये मध्ये बोलत राहा." त्याला हे रोजचेच असते. तो हातात एक रबरी फुगा देतो आणि तो दाबला की बाहेर घंटा वाजते. हा फुगा आत जाण्यापूर्वी एकदा दाबून पाहावा, कारण तो वाजतो हे स्वतःच्या कानांनी ऐकलेले असणे आणि कोणी सांगितलेले असणे यांत फार अंतर आहे. डोळे टेबल सरकायच्या आधीच मिटावेत आणि बाहेर येईपर्यंत उघडू नयेत. डोक्याच्या तपासणीत चेहऱ्यावर पिंजऱ्यासारखी एक जाळी येते. ती अँटेना असते, पुष्कळ यंत्रांत तिच्यावर आरसा असतो आणि त्यातून पायांकडचा उजेड दिसतो. खोली गार असते, तेव्हा पांघरूण मागून घ्यावे. हात जोडून किंवा बोटे एकमेकांत गुंफून झोपू नये, पायांची अढीही घालू नये. कातडीला कातडी टेकून वेटोळे तयार झाले, तर रेडिओ लहरींमुळे त्या जागी चटका बसण्याची शक्यता असते. देवाचे नाव मनात घ्यावे, हात अंगाशेजारी सुटे ठेवावेत. अंग किंचित कोमट होणे, टेबल थरथरणे हे चालायचेच, पण एखाद्या ठिकाणी भाजल्यासारखे वाटले तर लगेच फुगा दाबावा. साधा श्वास आणि अधूनमधून आवंढा गिळणे चालते. संपूर्ण तपासणी बहुधा वीस ते पंचेचाळीस मिनिटांची असते, तरी ती सलग एक नसते, दोन ते सहा मिनिटांच्या तुकड्यांची असते. पुढचा तुकडा किती मिनिटांचा, हे विचारून घ्यावे. चाळीस मिनिटे धीर धरण्यापेक्षा चार मिनिटे दहा वेळा धरणे सोपे जाते. मध्येच हललो, तर फार तर तो एक तुकडा पुन्हा घेतात.

काही तपासण्यांत चित्र अधिक उठून दिसावे म्हणून शिरेतून गॅडोलिनियमचे औषध देतात, त्यालाच बोलीभाषेत "डाय" म्हणतात. सुई टोचते तेवढेच दुखते, औषध जाताना हात गार पडल्यासारखा वाटतो. किडनीचा विकार, पूर्वीची अ‍ॅलर्जी किंवा गर्भारपण असेल तर आधी सांगावे.

एवढे करूनही ज्यांना जमणार नाही असे वाटते, त्यांनी डॉक्टरांकडून आधीच चिंता कमी करणारी गोळी लिहून घ्यावी. शेजारणीकडची झोपेची गोळी घेऊ नये, विशेषतः घोरण्याचा किंवा श्वासाचा त्रास असेल तर. गोळी घेतल्यावर सोबत माणूस हवा आणि दुचाकी चालवत घरी येऊ नये. लहान मुलांना आणि काही मोठ्यांनाही भूल देऊन तपासणी करतात. त्यासाठी उपाशी राहावे लागते आणि भूलतज्ज्ञ हजर असतो. गोळी किंवा भूल मागणे यात कमीपणा काही नाही, सारखे हलत राहिलो तर सगळीच मेहनत वाया जाते.

आत्या पहिल्या वेळी आत गेली आणि मिनिटभरात तिने फुगा दाबला. तिला बाहेर काढले, पाणी दिले. मी कर्मचाऱ्यांना विचारून, माझ्याजवळ धातू नाही याची खात्री करून घेऊन आणि खिसे रिकामे करून आत गेलो आणि तिच्या पावलाला हात लावून उभा राहिलो. दुसऱ्या वेळी ती पूर्ण पंचवीस मिनिटे राहिली. नातेवाइकाला असे आत राहू देणे अनेक केंद्रांत शक्य असते, फक्त ते मागावे लागते.

यंत्राच्या बाहेर आल्यावर उरते ती शेवटची भीती, "काय निघाले?" ही. टेक्निशियनचा चेहरा वाचण्याचा प्रयत्न करू नये. तो निदान सांगत नाही, कारण ते काम रेडिओलॉजिस्टचे असते, आणि त्याचे गप्प राहणे म्हणजे वाईट बातमी नव्हे. रिपोर्ट डॉक्टरांसाठी लिहिलेला असतो आणि त्यात दिसलेली प्रत्येक गोष्ट नोंदवलेली असते, मग ती दुखण्याचे कारण असो वा नसो. कंबरेचेच पाहा. पाठदुखी अजिबात नसलेल्या ३,११० माणसांच्या चित्रांचा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला, त्यात विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांच्या मणक्यांच्या चकत्या झिजलेल्या आढळल्या. म्हणजे रिपोर्टमध्ये "डिस्क डिजनरेशन" हे शब्द दिसले, तरी वाढत्या वयात केस पिकावेत तशीही ती गोष्ट असू शकते. म्हणून तपासणीची वेळ घेतानाच डॉक्टरांच्या भेटीचीही वेळ घेऊन ठेवावी, शक्यतो दुसऱ्याच दिवशीची. आम्ही तसेच केले. तो मोठा पिवळा लिफाफा रात्रभर कपाटावर न उघडता राहिला, आणि आत्या, चार दिवसांनी पहिल्यांदा, साडेनऊलाच झोपायला गेली.